सगळ्यांना एकच राउंड का?

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड पन्नास गुणांचं. मुलांना त्यातले 20 गुण सोळाशे मीटरला, 15 शंभर मीटरला आणि 15 गोळाफेकीला. सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत किंवा त्याआधी मारलं की वीसपैकी वीस. मुलींना सोळाशेच्या जागी आठशे मीटर असतं आणि तिथे पूर्ण गुणांची वेळ 2 मिनिटं 50 सेकंद. ॲथलेटिक्सच्या हिशेबात ही सगळी मध्यम पल्ल्याची धाव. ऑलिंपिकच्या मैदानावर आठशे-पंधराशे पळलेले मराठी धावपटू शोधावे लागतील, पण याच अंतरासाठी पहाटे पाचला उठणारी पोरं महाराष्ट्रात हजारोंनी आहेत.

पिंपरीत संत तुकाराम नगर, नेहरूनगर, एचए कॉलनी या पट्ट्यात ती रोज दिसतात. कुणी बारावी झालेला, कुणी दिवसा कॉलेज करणारा, कुणी भोसरी नाहीतर चाकणच्या कंपनीत कंत्राटी कामावर असलेला. पळायला रस्ता नाहीतर मातीचं मैदान. चारशे मीटरचा सिंथेटिक ट्रॅक हवा असेल तर इंद्रायणीनगरच्या संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुलात जायचं, तेही चार-पाच किलोमीटरवर आहे. सोयीच्या बाबतीत इथल्या पोरांचं तसं बरं चाललंय. अडतं ते दुसरीकडे.

बहुतेक ठिकाणी सराव एकाच साच्यातला असतो. शिट्टी वाजते, सगळी बॅच पाच किलोमीटर एकत्र पळते, मग चारशेचे चार राउंड ‘फुल’, आणि दर दोन दिवसांनी सोळाशेचं टायमिंग. काही पोरांचं टायमिंग झपाट्याने उतरतं, काहींचं तीन-तीन महिने हलत नाही, आणि काही शिन पेन, म्हणजे नडगीचं दुखणं, घेऊन घरी बसतात. उतरलं त्यांना मेहनती म्हणतात, राहिलेल्यांना ‘दम नाही’ म्हणतात. माझ्या मते बहुतेक वेळा ही मेहनतीची गोष्टच नसते. दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला एकच गोळी दिली तर काहींना गुण यायचा, काहींना नाही.

आधी हे अंतर शरीराकडून काय मागतं ते पाहू. स्नायूंना ऊर्जा दोन वाटांनी मिळते. एक वाट ऑक्सिजनची. ती सावकाश सुरू होते आणि लांब चालते. दुसरी ऑक्सिजनवाचूनची. ती लगेच हजर होते, पण थोड्याच वेळात स्नायूंत आम्लता वाढते आणि पोरं म्हणतात तसे पाय भरून येतात. स्पेन्सर आणि गॅस्टिन या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी 2001 साली सराव असलेल्या धावपटूंवर याचं मोजमाप केलं. चारशे मीटरमध्ये ऑक्सिजनच्या वाटेचा हिस्सा 43 टक्के निघाला, आठशेत 66 आणि पंधराशेत 84. आपला पोरगा सोळाशेला पाच मिनिटांहून जास्त घेतो, म्हणजे त्याच्या बाबतीत हा हिस्सा आणखी मोठा. थोडक्यात, सोळाशे ही मुख्यतः दमाची धाव आहे. इथवर सगळे प्रशिक्षक बरोबर असतात.

चूक पुढे होते. दम वाढवायचा म्हणजे सगळ्यांनी तेवढंच आणि तसंच पळायचं, असं धरलं जातं. स्नायूंत संथ आणि वेगवान असे दोन प्रकारचे तंतू असतात, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं. ते बऱ्याच अंशी जन्मानेच ठरतं. वेगवान तंतू जोर जास्त लावतात, लवकर थकतात, आणि थकले की सावरायला वेळ घेतात. असे तंतू जास्त असलेला पोरगा शंभर मीटरला सगळ्यांच्या पुढे असतो आणि सोळाशेच्या तिसऱ्या राउंडला सगळ्यांच्या मागे. त्याच्याकडे नीट पाहिलं तर तिसऱ्या राउंडच्या मध्यावर खांदे वर चढलेले दिसतात, हनुवटी उचललेली, पाऊल आखूड झालेलं. छाती अजून चालत असते, पाय बंद पडलेले असतात. दमाच्या पोराचं उलटं. शेवटपर्यंत त्याचं पाऊल तेच राहतं, पण शेवटच्या शंभर मीटरला कुणी मागून आला तर त्याला उत्तर द्यायला गिअरच शिल्लक नसतो.

कोण कुठल्या बाजूचा हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, स्टॉपवॉच पुरतं. एका दिवशी ताज्या पायांनी चारशेचं टायमिंग घ्यायचं, तीन दिवसांनी आठशेचं. चारशेच्या वेळेची दुप्पट करायची आणि आठशेच्या वेळेतून वजा करायची. उरलेले सेकंद मोठे असतील तर पोरगा वेगाचा, लहान असतील तर दमाचा. एक खबरदारी मात्र घ्यायची. अगदी नवख्या पोराचा हा आकडा मोठाच येतो, कारण त्याचा दम अजून बांधलाच गेलेला नसतो. म्हणून सहा आठवडे साधं पळणं झाल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नये.

जगातल्या मोठ्या धावपटूंना हा हिशेब लावला की गंमत दिसते. क्यूबाच्या अल्बर्टो हुआंतोरेनाची चारशेची सर्वोत्तम वेळ 44.26 सेकंद आणि आठशेची 1 मिनिट 43.44. फरक जवळजवळ पंधरा सेकंद. इंग्लंडच्या सेबॅस्टियन को याची चारशेची वेळ 46.87, आणि आठशेची 1 मिनिट 41.73. फरक आठ. चारशेत को हुआंतोरेनापेक्षा अडीच सेकंदांहून जास्त मागे, पण आठशेत पावणेदोन सेकंद पुढे. दोघांनीही आठशेत विश्वविक्रम केले. म्हणजे एकाच शिखरावर दोन वाटांनी जाता येतं.

हुआंतोरेना 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये आठशे आणि चारशे दोन्ही जिंकला. त्या आठशेच्या अंतिम शर्यतीत पहिल्या राउंडला पुढे होता तो आपला श्रीराम सिंग. तो शेवटी सातवा आला, वेळ 1 मिनिट 45.77. हा भारतीय विक्रम पुढे 42 वर्षं टिकला. 2018 मध्ये जिन्सन जॉन्सनने 1 मिनिट 45.65 पळून तो मोडला.

आता आपल्या ग्राउंडवर येऊ. समजा दोन पोरं आहेत. पहिला चारशे 58 सेकंदांत मारतो, आठशे 2 मिनिटं 16 सेकंदांत आणि सोळाशे 5:40 ला. फरक वीस सेकंद. दुसऱ्याचं चारशे 65, आठशे 2:20 आणि सोळाशे 5:05. फरक दहा सेकंद. पूर्ण गुणांसाठी 5:10, म्हणजे प्रत्येक चारशेला साडेसत्याहत्तर सेकंद. पहिल्या पोराचा हा वेग त्याच्या चारशेतल्या पूर्ण वेगाच्या पंचाहत्तर टक्केच येतो. दुसऱ्याचा चौऱ्याऐंशी टक्के. ज्याला तो वेग हलका पडतो तोच तीस सेकंद मागे राहतो. त्याच्याकडे वेग भरपूर आहे, फक्त तो लांबवता येत नाही.

म्हणून या वेगाच्या पोराला चारशेचे ‘फुल’ राउंड मारायला लावण्यात काही अर्थ नाही. जे आधीच आहे तेच पुन्हा घासलं जातं, आणि वेगवान तंतू इतके दमतात की पुढचे दोन दिवस वाया जातात. त्याने सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सेकंदांचाच वेग धरायचा, पण तुकडे पाडून. सुरुवातीला 400 मीटरचे सहा-आठ तुकडे, मध्ये दीड मिनिट विश्रांती. वेग वाढवायचा मोह होईल, पहिले दोन राउंड तो हसत-हसत सत्तरला मारेल. तिथेच प्रशिक्षकाने ओरडायला हवं. तीन-चार आठवड्यांनी तेच 600 मीटरचे पाच तुकडे, मग 800 चे तीन. वेग तोच, तुकडा लांब. या पद्धतीत पोरगा बारा आठवड्यांत त्याच वेगाने बाराशेपर्यंत जायला शिकतो. मग शेवटच्या चारशेला त्याचा मूळचा वेग आहेच.

त्याचं साधं पळणंही वेगळं ठेवायचं. आठवड्यातून तीनदा पंचवीस ते पस्तीस मिनिटं, शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतक्या सावकाश. रोजचं दहा किलोमीटर ‘लाँग’ त्याच्यासाठी नाही. टेम्पो, म्हणजे जरा जोराचं पण न फाटणारं पळणं, हेही सलग वीस मिनिटांऐवजी पाच-पाच मिनिटांचे चार भाग करून, मध्ये एक मिनिट चालत. सलग टेम्पोत हा पोरगा दहाव्या मिनिटाला आम्लतेत बुडतो आणि मग उरलेला वेळ दम बांधण्याऐवजी नुसता सहन करतो. दोन कडक दिवसांच्या मध्ये किमान दोन सोपे दिवस हवेत. आणि आठवड्यातून एकदा साठ मीटरच्या पाच-सहा स्प्रिंट, दरवेळी पूर्ण विश्रांती घेऊन. शंभर मीटरचे पंधरा गुण तिथेच आहेत, आणि देवाने दिलेलं हत्यार गंजू द्यायचं नाही.

दुसऱ्या, दमाच्या पोराचा सोळाशेचा प्रश्न मुळात सुटलेला आहे. 5:05 काय आणि 4:50 काय, भरतीत गुण वीसच. तरी अशी पोरं सोळाशेच घोटत बसतात, कारण ते त्यांना जमतं आणि ग्राउंडवर वाहवा मिळते. त्यांचे गुण सांडतात शंभर मीटरला आणि गोळ्याला. तेव्हा भरतीच हवी असेल तर आठवड्यातलं एक लांब पळणं कमी करून तो वेळ ताकदीच्या व्यायामाला, गोळ्याच्या तंत्राला आणि स्टार्टला द्यावा. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही.

पण त्यातल्या एखाद्याला खरंच धावपटू व्हायचं असेल तर गोष्ट बदलते. मग त्याला पंधराशे, पाच हजार किंवा तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, जायचं आहे. त्याचं शरीर किलोमीटर पचवतं. आठवड्याला साठ, पुढे काही महिन्यांत सत्तर-ऐंशी किलोमीटरपर्यंत जाता येतं, मात्र दर आठवड्याला थोडं-थोडं वाढवून. टेम्पो सलग वीस-पंचवीस मिनिटांचा. हजार मीटरचे पाच तुकडे, मध्ये कमी विश्रांती. आणि वेगासाठी त्याने जीव तोडून चारशे मारू नये. साध्या धावेनंतर शंभर मीटरचे पाच-सहा सैल, लांब पावलांचे राउंड, आणि आठवड्यातून एकदा चढावर आठ-दहा सेकंदांच्या स्प्रिंट, खाली चालत यायचं. निगडीची दुर्गा टेकडी त्यासाठी चांगली जागा आहे. चढ पायांत ताकद भरतो आणि सपाटीवरच्या स्प्रिंटइतका मांडीचा मागचा स्नायू ताणत नाही.

या वाटेने गेलेली दोन मराठी नावं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आधी मॅरेथॉनची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती सलग तीनदा पहिली आली, आणि नंतर खाली उतरून स्टीपलचेसला वळली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. दुसरा बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर तो क्रॉस कंट्रीतून पुढे आला, मग स्टीपलचेसला गेला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य, 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणि पाच हजारचं रौप्य, आणि 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटं 9.91. स्टीपलचेस मध्यम आणि लांब पल्ल्याच्या सीमेवरची शर्यत आहे. दमाच्या बाजूने आलेल्यांना ती मानवते, असं या दोघांकडे पाहून म्हणता येतं.

आणखी मागे गेलं तर न्यूझीलंडचा पीटर स्नेल सापडतो. त्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड मूळचे बुटांच्या कारखान्यातले. आठशेच्या धावपटूला ते आठवड्याला 160 किलोमीटर पळवत, त्यात डोंगराळ रस्त्यावरची 35 किलोमीटरची एक फेरी. स्नेलने 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आठशे आणि पंधराशे दोन्ही जिंकले. ही गोष्ट वाचून अनेक प्रशिक्षक सगळ्यांना किलोमीटरच्या मागे लावतात, पण हुआंतोरेनाला तेवढं पळवलं असतं तर काय झालं असतं हे कुणी विचारत नाही.

उरला मधला, ज्याचा फरक ना मोठा ना लहान. त्याच्यासाठी सेबॅस्टियन को याचे वडील पीटर को यांची पद्धत चांगली. हे गृहस्थ शेफील्डच्या चाकू-सुऱ्यांच्या कारखान्यात अभियंता होते, ॲथलेटिक्सचं शिक्षण असं काही नव्हतं. एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या माणसांना त्यांचा विचार पटकन कळेल. कुठलाच वेग सहा महिने बंद ठेवायचा नाही. दहा-चौदा दिवसांच्या चक्रात पाच हजारचा, तीन हजारचा, पंधराशेचा, आठशेचा आणि चारशेचा, असे सगळे वेग एकदा तरी पायाखालून जाऊ द्यायचे. शर्यत जवळ आली की शर्यतीच्या वेगाचा वाटा वाढवायचा. जिन्सन जॉन्सन याच मधल्या प्रकारातला. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आठशेत त्याला रौप्य मिळालं, शेवटच्या टप्प्यात मनजीत सिंग त्याच्या पुढून निघून गेला. पंधराशेत त्यानेच सुवर्ण घेतलं.

मुलींबद्दल वेगळं एवढंच सांगतो. आठशेला 2:50 म्हणजे चारशेला पंच्याऐंशी सेकंद, आणि वरचा सगळा हिशेब त्यांनाही तसाच लागतो. पण सराव चोख असून महिनोन्महिने टायमिंग हलत नसेल, जिना चढतानाही धाप लागत असेल, तर सराव वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी असेल तर दमाची वाट अर्ध्यावर बंद असते. संत तुकाराम नगरात राहणाऱ्यांना वायसीएम रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे.

शिफ्टचं गणित या भागात टाळताच येत नाही. फर्स्ट शिफ्टची बस पहाटेच गाठायची असते, तेव्हा त्या आठवड्यात सराव संध्याकाळी. सेकंड शिफ्टला सकाळ मोकळी, सगळ्यात चांगला आठवडा तोच, कडक सराव त्यात बसवावा. नाईटवरून सकाळी उतरून थेट ग्राउंडवर येणारी पोरं मी पाहतो. त्यांच्या जिद्दीला सलाम, पण हे थांबवा. आधी झोप, मग संध्याकाळी अर्धा तास हलकं पळणं. नाईटच्या आठवड्यात तुकडे नाहीत, टायमिंग तर नाहीच. वेगाच्या पोराने हे जास्त पाळावं, कारण अपुऱ्या झोपेवर स्प्रिंट मारताना स्नायू ओढला जायची भीती त्यालाच अधिक. कंत्राटी कामगाराला शिफ्ट निवडता येत नाही हे खरं, पण दर तीन आठवड्यांपैकी एक हलका गेल्याने टायमिंग बिघडत नाही.

आणि ते सारखं टायमिंग काढणं. दर दोन दिवसांनी जीव तोडून सोळाशे पळणारा पोरगा सराव करत नसतो, परीक्षा देत असतो. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. त्या दिवशी नुसती शेवटची वेळ लिहू नका, प्रत्येक चारशेची लिहा. 68, 80, 92, 88 अशी ओळ दिसली तर एकूण 5:28 होतात, आणि त्यातले बरेच सेकंद पहिल्या राउंडला उडवलेले असतात. हाच पोरगा पहिला राउंड 78 ला मारायला शिकला तर काहीही जास्त न पळता त्याचं टायमिंग खाली येतं. आठशेत पहिला राउंड थोडा जलद जाणं चालतं. डेव्हिड रुडिशाने 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 1 मिनिट 40.91 चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिले चारशे 49.28 आणि दुसरे 51.63 होते. सोळाशेत ती चैन परवडत नाही.

ग्राउंडच्या आधीचा आठवडाही दोघांचा वेगळा. वेगाच्या पोराने शेवटचा कडक सराव पाच-सहा दिवस आधी उरकावा आणि शेवटचे दोन दिवस पूर्ण आराम करावा, त्याचे पाय तेव्हाच ताजे होतात. दमाच्या पोराला पूर्ण आराम मानवत नाही, पाय जड वाटायला लागतात. त्याने आदल्या दिवशीही वीस मिनिटं हलकं पळून शंभर मीटरचे तीन-चार सैल राउंड मारावेत. ग्राउंडच्या दिवशी कागदपत्रं, छाती-उंची, चेस्ट नंबर यात दोन-तीन तास सहज जातात, आणि सकाळी केलेला वॉर्म-अप तोवर निघून गेलेला असतो. आपल्या बॅचचा पुकारा होण्याआधी दहा मिनिटं हातात आहेत असं दिसलं की पुन्हा पाच मिनिटं जॉगिंग आणि दोन छोट्या स्प्रिंट करून घ्यायच्या. शंभर मीटर कधी घेतील याचा नेम नसतो, म्हणून सोळाशे संपल्यावर खाली बसून राहू नये, अंगावर जर्सी चढवून चालत राहावं.